दुर्गंध इंग्रजीत नेमका कसा सांगावा: नव्याने शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

शाळेत शिकलेल्या इंग्रजीत वाईट वासासाठी 'बॅड स्मेल' हे दोनच शब्द बहुतेकांच्या हाती लागतात आणि परीक्षेपुरते ते पुरतातही. अडचण पुढे येते. लेस्टरमध्ये भाड्याने घेतलेल्या खोलीच्या भिंतीला हिवाळ्यात ओल येते आणि घरमालकाला पत्र लिहायचे असते. परदेशातल्या रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेला जखमेचा वास नोंदीत उतरवायचा असतो. तारापूरच्या किंवा लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यात रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला कोणत्या पंपापाशी कसला वास येतो, हे पुढच्या पाळीसाठी इंग्रजीत लिहून ठेवायचे असते. अशा वेळी 'बॅड स्मेल' एवढेच म्हटले, तर आपल्याला त्रास होतो आहे इतकेच समोरच्याला कळते. त्रास कशाचा आहे, किती आहे आणि त्यावर काय करायला हवे, हे त्यातून कळत नाही.

या लेखात सांगितलेली पद्धत एका गोष्टीवर आधारलेली आहे. वाईट वासांमध्ये बारीक भेद करायला मराठी भाषेने आपल्याला आधीच शिकवले आहे. कुबट, खवट, आंबूस, करपट, कोंदट, वशाट हे शब्द आपण घरात विचार न करता वापरतो आणि त्यांची एकमेकांत गल्लत करत नाही. म्हणून इंग्रजी शब्दांची यादी पाठ करण्याऐवजी प्रत्येक इंग्रजी शब्द आपल्या नाकाला ओळखीच्या असलेल्या एकेका वासाशी जोडावा. यादी पाठ केली, की 'रॅन्सिड', 'प्यूट्रिड', 'फेटिड' हे सगळे शब्द 'दुर्गंधीयुक्त' या एकाच अर्थाचे होऊन बसतात आणि गरजेच्या वेळी त्यांतला भलताच शब्द तोंडी येतो. येथे इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत. वहीत उतरवताना त्यांचे रोमन लिपीतले स्पेलिंग शब्दकोशात पाहून शेजारी लिहावे.

पहिली पायरी: वाक्याचा साचा पक्का करणे

विशेषणे नंतर येतात, आधी वाक्य नीट बांधता आले पाहिजे. 'घाण वास येतोय' या मराठी वाक्यावरून 'बॅड स्मेल इज कमिंग' असे इंग्रजी वाक्य बनवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते. इंग्रजीत वास 'येत' नाही. तो 'असतो', किंवा आपल्याला तो 'घेता येतो'. त्यामुळे 'देअर इज अ बॅड स्मेल इन द किचन' किंवा 'आय कॅन स्मेल समथिंग बर्निंग' असे म्हणावे. वास कुठून येतो हे सांगायचे असेल, तेव्हा मात्र 'द स्मेल इज कमिंग फ्रॉम द सिंक' हे वाक्य अगदी बरोबर आहे. म्हणजे 'कमिंग' शब्द वर्ज्य नाही, त्याच्यापुढे 'फ्रॉम' आणि जागा आली पाहिजे.

'आय अ‍ॅम स्मेलिंग गॅस' असेही म्हणू नये. नाकाला आपोआप जाणवणाऱ्या वासासाठी 'आय कॅन स्मेल' हीच रचना स्वाभाविक आहे. दूध नासले आहे का हे पाहण्यासाठी पातेले नाकाशी नेले असेल, तर त्या मुद्दाम केलेल्या क्रियेला 'आय अ‍ॅम स्मेलिंग द मिल्क' म्हणता येते.

तिसरी गोष्ट म्हणजे 'स्मेल'नंतर विशेषण येते, क्रियाविशेषण नाही. 'इट स्मेल्स बॅड', 'इट स्मेल्स मस्टी' ही वाक्ये बरोबर आहेत. 'इट स्मेल्स बॅडली' हे टाळावे.

चौथी गोष्ट सर्वांत उपयोगी आहे आणि तिच्यावर थोडा अधिक वेळ घालवणे योग्य ठरेल. इंग्रजीत वास सांगण्याचा मुख्य मार्ग विशेषणांचा नाहीच. तो उगम सांगण्याचा आहे. 'स्मेल ऑफ' आणि 'स्मेल लाइक' या दोन जोड्या आल्या, की कोणताही वास सांगता येतो. खोलीत खरोखरच रंगकाम झाले असेल तर 'द रूम स्मेल्स ऑफ पेंट' म्हणावे. रंगाचा पत्ता नाही, पण वास तसा आहे, असे सांगायचे असेल तर 'इट स्मेल्स लाइक पेंट' म्हणावे. अमेरिकेत दोन्ही ठिकाणी 'लाइक' सहज चालते, ब्रिटनमध्ये हा भेद अधिक पाळला जातो. तक्रार करताना हा भेद कामाला येतो, कारण 'ऑफ' म्हटले की कारण आपल्याला माहीत आहे असा अर्थ निघतो आणि 'लाइक' म्हटले की शोध घेण्याचे काम समोरच्याकडे जाते.

इंग्रजी भाषकही वासाच्या बाबतीत बहुतेकदा याच मार्गाने जातात, याला संशोधनाचा आधार आहे. आसिफा माजिद आणि निक्लास ब्युरेनहुल्ट या अभ्यासकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मलेशियातल्या जंगलात राहणाऱ्या जहाई लोकांची आणि इंग्रजी भाषकांची तुलना केली होती. जहाई लोक रंगाला नाव द्यावे तितक्या सहज वासाला नाव देत होते. इंग्रजी भाषक मात्र लांबलचक वर्णने करत होते आणि त्यांचे आपसांत एकमतही होत नव्हते. वाघाला आकर्षून घेणाऱ्या रक्ताच्या वासासाठी जहाई भाषेत वेगळा शब्द आहे. इंग्रजीत निव्वळ वासाचे शब्द मोजकेच आहेत आणि 'मस्टी' हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. म्हणून नवशिक्याने शब्द आठवला नाही म्हणून अडून बसू नये. 'इट स्मेल्स लाइक वेट डॉग', 'लाइक रॉटन एग्ज', 'लाइक बर्निंग रबर' ही इंग्रजी भाषकांच्या रोजच्या बोलण्यातली वाक्ये आहेत, ती अडाण्याची भाषा नव्हे.

दुसरी पायरी: आपल्या वासांची वही

वहीच्या पानावर डावीकडे मराठी शब्द लिहावा, त्याखाली तो वास आपल्या अनुभवात कुठे येतो ते लिहावे आणि मगच उजवीकडे इंग्रजी शब्द लिहावा. काही महत्त्वाच्या जोड्या पुढे सविस्तर देत आहे. त्या जशाच्या तशा उतरवण्यापेक्षा प्रत्येकीसमोर आपल्या घरातले उदाहरण घालावे.

कुबट वासापासून सुरुवात करणे सोयीचे आहे. पावसाळ्यात न वाळलेले कपडे, कोकणातल्या घरातले बंद कपाट, माळ्यावरच्या गोधड्या, जुनी पुस्तके या सर्वांना 'मस्टी' हा शब्द लागू पडतो. ओल आणि बुरशी यांच्यामुळे येणारा हा वास आहे. बुरशी डोळ्यांना दिसत असेल, तर 'मोल्डी' म्हणावे. आपल्या 'बुरसट' शब्दाच्या तो जवळ जातो. ब्रिटनमध्ये 'डॅम्प' हा शब्द ओलसरपणा या अर्थाचे नाम म्हणूनही वापरतात आणि घराच्या दोषाचे ते रूढ नाव आहे. 'देअर इज डॅम्प इन द बेडरूम अँड इट स्मेल्स मस्टी' एवढे एक वाक्य लिहिले, तरी घरमालकाला नेमका प्रश्न कळतो. 'स्टफी' म्हणजे कोंदट. खिडक्या बंद असल्याने हवा जड झालेली असते, पण तिथे बुरशी असेलच असे नाही. 'मस्टी' आणि 'स्टफी' यांची अदलाबदल केली, तर बुरशीच्या तक्रारीला 'खिडकी उघडत जा' असे उत्तर मिळण्याची शक्यता असते.

खवट म्हणजे 'रॅन्सिड'. मराठीत हा शब्द जितका नेमका आहे, तितकाच इंग्रजीतही. तेल, तूप, लोणी, शेंगदाणे, सुके खोबरे, अक्रोड, जवसाची चटणी अशा स्निग्ध पदार्थांतल्या चरबीची हवेशी क्रिया होऊन जो वास येतो, तो 'रॅन्सिड'. दुधाला किंवा भाजीला हा शब्द लावू नये. काही इंग्रजी भाषक बोलण्याच्या ओघात कोणत्याही घाणेरड्या वासाला तो लावतात, पण शिकणाऱ्याने नेमका अर्थ धरून ठेवावा हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दुकानदाराला 'दीज वॉलनट्स आर रॅन्सिड' म्हटले, की माल जुना आहे हे त्याला पुढे समजावून सांगावे लागत नाही.

नासलेल्या दुधासाठी 'सावर' किंवा 'ऑफ' हे शब्द आहेत. 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' हे ब्रिटनमध्ये रोजच्या वापरातले वाक्य आहे. मांस, मासे, शिजवून ठेवलेले अन्न यांनाही ते चालते. अमेरिकेत त्याच अर्थाने 'हॅज गॉन बॅड' किंवा 'इज स्पॉइल्ड' म्हणतात. 'आंबूस' शब्दाशी मात्र जपून वागावे लागते. इडलीचे पीठ छान फुगून आंबूस झाले, तर आपण समाधान मानतो. परंतु 'सावर स्मेल' म्हटल्यावर परक्या माणसाला काहीतरी बिघडले आहे असेच वाटण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी 'फर्मेंटेड' हा शब्द वापरावा आणि पीठ मुद्दाम आंबवले आहे हे स्पष्ट करावे.

शिळेपणासाठी 'स्टेल'. हा शब्द पाव, बिस्किटे, फरसाण यांना लागतो, तसाच बंद खोलीतल्या हवेला, कपड्यांत मुरलेल्या घामाला आणि सिगारेटच्या धुराच्या मागे उरलेल्या वासालाही लागतो. 'स्टेल' पदार्थाची चव गेलेली असते, तो कुजलेला असतोच असे नाही. कुजलेल्यासाठी 'रॉटन' आहे आणि तो अंडी, फळे, भाजी, मांस, मासे सर्वांना चालतो. 'प्यूट्रिड' त्याहून तीव्र आहे. प्राण्याचे शरीर सडल्यावर येणाऱ्या, सहन न होणाऱ्या वासासाठी तो राखून ठेवावा. कचऱ्याच्या डब्यातल्या केळ्याच्या सालींना 'प्यूट्रिड' म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

मासळीच्या वासाला 'फिशी' म्हणतात हे सर्वांना ठाऊक असते, पण हा शब्द कौतुकाचा नाही हे ठाऊक नसते. ताज्या समुद्री माशाला असा वास जवळजवळ नसतो. मासा मेल्यावर त्याच्या अंगातल्या एका पदार्थापासून जिवाणू ट्रायमिथाइल अमाइन नावाचे रसायन तयार करतात आणि ओळखीचा तो वशाट वास त्याचा असतो. चिंच, कोकम किंवा लिंबू लावले की तो वास कमी होतो, कारण आम्लामुळे त्या रसायनाचे हवेत उडणे थांबते. म्हणून 'द फिश स्मेल्स फिशी' हे वाक्य इंग्रजीत निरर्थक नाही. मासा ताजा नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. मटणाच्या किंवा शिकारीच्या मांसाच्या उग्र वासासाठी 'गेमी' हा वेगळा शब्द आहे आणि काही खवय्ये तो आवडीनेही वापरतात.

'उग्र' या आपल्या एका शब्दाचे काम इंग्रजीत निदान तीन शब्द वाटून घेतात. नुसता जोर सांगायचा असेल तर 'स्ट्राँग'. तो चांगल्या कॉफीलाही लागतो, त्यामुळे त्यात निंदा नाही. नाकात चढणाऱ्या, झोंबणाऱ्या वासाला 'पंजंट' म्हणतात. व्हिनेगर, मोहरी, कांदा, अमोनिया हे सगळे 'पंजंट' आहेत आणि पाककृतींमध्ये हा शब्द गुण म्हणूनही येतो. 'अ‍ॅक्रिड' मात्र कधीच गुणाचा नसतो. जळते प्लास्टिक, टायर, फटाक्यांचा धूर यांच्यासारख्या घशाला आणि डोळ्यांना चुरचुरणाऱ्या वासाला तो लावतात. फोडणीत मिरच्या जळून घरभर ठसका उठला, तर तो धूर 'अ‍ॅक्रिड' म्हणता येईल. करपलेल्या भाताला मात्र साधे 'बर्न्ट' पुरते.

हिंगाचे उदाहरण येथे बोलके आहे. त्याच्या इंग्रजी नावात 'फीटिडा' हा लॅटिन अंश आहे आणि त्याचा अर्थ दुर्गंधी असाच होतो. 'फेटिड' हे इंग्रजी विशेषण त्याच मुळातून आले आहे. डबकी, तुंबलेली गटारे, बंद जागेतली कुजकी हवा यांच्या लेखी वर्णनात 'फेटिड' आढळतो, बोलण्यात तो क्वचितच येतो. परदेशी शेजाऱ्याला कच्च्या हिंगाचा वास गंधकासारखा वाटला, तर त्याला एवढेच सांगावे, की गरम तेलात पडल्यावर तो वास बदलतो आणि कांदा-लसणाच्या जवळ जातो.

गटार आणि मुतारी या दोन जागांचे वास सांगण्याची वेळ नको तितक्या वेळा येते. 'द बाथरूम स्मेल्स ऑफ ड्रेन्स' हा ब्रिटिश वाक्प्रयोग आहे. मैलापाण्याचाच वास असेल, तर 'स्यूइज' म्हणावे. मोरीच्या जाळीखालच्या वाकलेल्या नळीत साठलेले पाणी गटारातली हवा अडवून धरते. घर बरेच दिवस बंद राहिले की ते पाणी सुकते आणि वास वर येतो. अशा वेळी प्लंबरला बोलावण्याआधी बादलीभर पाणी ओतून पाहावे. मुतारीच्या वासाला 'स्टेल यूरिन' किंवा 'अमोनिया' म्हणतात. जुन्या लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात, त्यामुळे दोन्ही शब्द वस्तुस्थितीला धरून आहेत. नळाच्या पाण्याला मातकट वास येत असल्यास 'अर्थी' म्हणावे.

तिसरी पायरी: वासाचा जोर आणि त्याची हालचाल

कोणता वास हे सांगितल्यावर तो किती आहे हे सांगावे लागते. 'फेंट' म्हणजे जेमतेम जाणवणारा, 'स्लाइट' म्हणजे किंचित, 'स्ट्राँग' म्हणजे तीव्र आणि 'ओव्हरपॉवरिंग' म्हणजे असह्य, जिथे थांबवत नाही असा. आपण ज्याला भपकारा म्हणतो, त्याच्यासाठी 'द स्मेल हिट मी अ‍ॅज आय ओपन्ड द डोअर' ही रचना फार चांगली आहे. वाऱ्याबरोबर क्षणभर आलेल्या वासाला 'अ व्हिफ' म्हणतात. जाता न जाणाऱ्या वासासाठी 'लिंगर' हे क्रियापद आहे आणि कपड्यांत किंवा पडद्यांत बसलेल्या वासासाठी 'क्लिंग टू'. परदेशात भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी 'कुकिंग स्मेल्स' ही जोडी ओळखून ठेवावी. तळणीच्या, मसाल्याच्या, सुक्या बोंबलांच्या वासाविषयी शेजारी किंवा घरमालक सभ्यपणे बोलतात तेव्हा हीच जोडी वापरतात आणि त्यात अपमान मानण्याचे कारण नसते.

चौथी पायरी: शब्दाचे वजन आणि सभ्यता

'स्मेल' हा शब्द तटस्थ आहे, पण विशेषण न लावता वापरला की तो वाईटाकडे झुकतो. आपल्या 'वास येतोय' या वाक्याचेही तसेच आहे. कोणी नुसते एवढे म्हटले, तर आपण फुलांचा विचार करत नाही. म्हणून 'यू स्मेल' हे वाक्य कोणालाही म्हणू नये, त्याचा अर्थ 'तुझ्या अंगाला घाण येते' असा होतो. 'ओडर' हा औपचारिक शब्द आहे आणि अहवाल, नोटिसा, औषधांची माहितीपत्रके यांत तो शोभतो. अमेरिकेत त्याच्या स्पेलिंगमधला 'यू' गाळतात. 'स्टिंक' हा शब्द बोलीतला आणि उघड नापसंतीचा आहे, 'वास मारतो' या आपल्या प्रयोगाच्या तोडीचा. 'स्टेंच' त्याहून जड आहे. नाला, उकिरडा, मेलेले जनावर अशांसाठी तो लिखाणातही चालतो. 'रीक ऑफ' म्हणजे एखाद्या गोष्टीचा वास अंगाखांद्यातून भरून राहणे, जसे 'ही रीक्ड ऑफ टोबॅको'. या शब्दाचा मूळ अर्थ धूर सोडणे असा होता, हे लक्षात ठेवले तर तो शब्दही लक्षात राहतो. 'पाँग' हा खास ब्रिटिश शब्द हलक्याफुलक्या बोलण्यातला आहे. तो ऐकून समजला म्हणजे झाले, अर्जात लिहू नये.

जुन्या इंग्रजीत 'स्टिंक'च्या मूळ क्रियापदाचा अर्थ बरावाईट कोणताही वास देणे असा होता, वाईटपणा त्याला नंतर चिकटला. मराठीतला 'घाण' शब्दही संस्कृत 'घ्राण' या निर्दोष शब्दावरून आलेला आहे.

माणसाच्या अंगाच्या वासाविषयी बोलणे ही सर्वांत नाजूक वेळ. घाम स्वतः जवळजवळ वासरहित असतो, त्वचेवरचे जिवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा वास येतो. त्यामुळे हा कोणाच्या चारित्र्याचा विषय नाही आणि भाषेतूनही तसे सूचित होता कामा नये. 'बॉडी ओडर' हा शब्द चालतो, त्याचे 'बी-ओ' हे लघुरूप मात्र टोचणारे आहे. सहकाऱ्याला सांगणे भागच असेल तर एकांतात, 'धिस इज अ लिटल ऑक्वर्ड, बट आय वुड वाँट समवन टू टेल मी' असे म्हणून सुरुवात करावी आणि माणसाऐवजी शर्ट, बूट, जॅकेट यांचे नाव घ्यावे. तोंडाच्या वासाला 'बॅड ब्रेथ' म्हणतात. 'हॅलिटोसिस' हा दंतवैद्याचा शब्द आहे.

रुग्णसेवेतली भाषा पुन्हा वेगळी आहे. तेथे 'स्टिंक' किंवा 'स्टेंच' कधीही लिहीत नाहीत. ब्रिटनमधल्या नोंदींत 'ऑफेन्सिव्ह' हा शब्द रूढ आहे. तो शिवीसारखा वाटला, तरी तेथे त्याचा अर्थ 'दुर्गंधीयुक्त' एवढाच असतो. 'मॅलोडरस वूंड', 'फाउल-स्मेलिंग डिस्चार्ज' या जोड्याही चालतात. वास किती आहे हे सांगताना विशेषणापेक्षा अंतर अधिक उपयोगी पडते. 'खोलीत शिरताच जाणवतो', 'पट्टी काढल्यावरच जाणवतो' असे लिहिले, की दुसऱ्या दिवशीच्या परिचारिकेला तुलना करता येते. मधुमेहाच्या रुग्णाच्या श्वासाला नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा किंवा फळासारखा गोडसर वास येत असेल, तर तो रक्तात कीटोन वाढल्याचा इशारा असू शकतो आणि तो तातडीने कळवावा लागतो. ब्रिटनमध्ये या वासाची तुलना 'पेअर ड्रॉप्स' नावाच्या जुन्या गोळ्यांशी करतात. त्या गोळ्या आपण कधी खाल्लेल्या नसतात, म्हणून ही तुलना आधीच माहीत करून घेणे बरे.

पाचवी पायरी: जिवावर बेतणारे वास

हा भाग वाचून सोडून देऊ नये, त्यातली वाक्ये मोठ्याने म्हणून पाठ करावीत. यादी पाठ करू नका असे मी वर म्हटले आहे. येथे मात्र पाठांतरच हवे, कारण घाबरलेल्या माणसाला वाक्य रचायला वेळ नसतो.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकयुक्त रसायन मिसळतात. सिलिंडरच्या गॅसमध्ये त्यासाठी एथिल मरकॅप्टन वापरतात. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेत वासरहित नैसर्गिक वायू साठून स्फोट झाला आणि सुमारे तीनशे मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर टेक्सासने वायूत गंध मिसळणे सक्तीचे केले आणि पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. हा वास इंग्रजीत 'रॉटन एग्ज' असा सांगतात. फोनवर 'आय कॅन स्मेल गॅस' हे पहिले वाक्य, आपला पत्ता हे दुसरे आणि 'वुई हॅव लेफ्ट द बिल्डिंग' हे तिसरे. दिव्याचे बटण चालू किंवा बंद न करता बाहेर पडावे आणि फोन बाहेरून करावा. भारतात एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे, ब्रिटनमध्ये गॅसच्या आपत्तीसाठी ०८०० १११ ९९९.

गटाराच्या टाक्यांत आणि काही कारखान्यांत आढळणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूलाही सडक्या अंड्यांचाच वास असतो. त्याचे प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते आणि वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो. म्हणून अहवालात 'द स्मेल हॅज गॉन' असे लिहून धोका टळला असे समजू नये. 'आय कॅन नो लाँगर स्मेल इट' असे लिहावे, ते अधिक खरे आहे. विजेची जोडणी तापत असल्यास जळक्या प्लास्टिकचा किंवा कधी चक्क मासळीसारखा वास येतो. स्वयंपाकघरात मासा नसताना 'देअर इज अ फिशी स्मेल निअर द सॉकेट' असे इलेक्ट्रिशियनला सांगितले, तर तो ते हसण्यावारी नेणार नाही. ब्लीच आणि आम्लयुक्त सफाईद्रव एकत्र झाल्यास क्लोरीन वायू सुटतो. त्याचा वास 'लाइक अ स्विमिंग पूल' असा सांगतात. असा वास आल्यास लगेच मोकळ्या हवेत जावे.

सराव कसा करावा

एकाच वासात काही मिनिटे राहिले, की नाक त्याला सरावते आणि तो जाणवेनासा होतो. म्हणून वासाचे वर्णन पहिल्या क्षणी करावे, किंवा बाहेर जाऊन, मोकळी हवा घेऊन परत यावे. रोज एक वास निवडावा. खोबऱ्याचा डबा, ओले पायपुसणे, फ्रिजचा खालचा कप्पा, बसथांब्यामागचा नाला, काहीही चालेल. त्यावर तीन इंग्रजी वाक्ये लिहावीत, पहिले उगमाचे, दुसरे जोराचे आणि तिसरे परिणामाचे. दोन आठवड्यांनी जुनी पाने उघडून विशेषण झाकावे आणि केवळ उगमावरून ते आठवते का ते पाहावे.

शब्दकोश वापरताना नुसता अर्थ पाहू नये, त्या शब्दाच्या शेजारी कोणती नामे येतात ते पाहावे. शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशांत अशी उदाहरणवाक्ये असतात आणि या कामासाठी इंग्रजी-मराठी कोशापेक्षा मी तेच वापरायला सांगेन. द्विभाषी कोशात डझनभर शब्दांपुढे 'दुर्गंधीयुक्त' एवढेच लिहिलेले आढळते. लाक्षणिक प्रयोग सध्या बाजूला ठेवावेत. 'फिशी' म्हणजे संशयास्पद, 'फनी स्मेल' म्हणजे विनोदी नव्हे तर चमत्कारिक वास, एवढे कळले तरी पुरे आहे.

पुरेसा सराव झाल्यावर एक पूर्ण पत्र लिहून पाहावे. घरमालकाला लिहायच्या पत्राचा मजकूर साधारण असा होऊ शकतो: 'देअर हॅज बीन अ मस्टी स्मेल इन द बॅक बेडरूम सिन्स नोव्हेंबर. इट इज स्ट्राँगेस्ट बिहाइंड द वॉर्डरोब, व्हेअर आय कॅन सी ब्लॅक मोल्ड ऑन द वॉल. वुई ओपन द विंडो एव्हरी डे, बट द स्मेल लिंगर्स अँड अवर क्लोद्ज स्मेल ऑफ डॅम्प. कुड यू प्लीज सेंड समवन टू फाइंड द कॉज?' यात 'टेरिबल', 'हॉरिबल' असा एकही शब्द नाही. कोणता वास, कधीपासून, सर्वांत जास्त कुठे, आपण काय करून पाहिले आणि आता काय हवे, एवढेच आहे. दुरुस्तीसाठी येणाऱ्या माणसाला नेमके तेवढेच लागते. पत्र पाठवण्यापूर्वी तारीख घालावी, भिंतीचे छायाचित्र जोडावे आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.